काठावरची राखण

दुपारी कामाला बसताना शलाका एक कान मागे ठेवून बसे. समोर पडद्यावर शेकडो अनोळखी माणसांची वादावादी चाललेली, आणि मागे भिंतीपलीकडे मम्मींच्या खोलीत मृदा झोपलेली. मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई. त्या खोलीचं दार उघडताना असं करकरायचं की आठ महिन्यांची मृदा हमखास दचकून जागी व्हायची. "एवढं तेल घाल रे त्या बिजागरीला," असं शलाकाने नवऱ्याला, धैर्यशीलला, कितीदा सांगितलं असेल. तो म्हणायचा, "घालतो." मिरजेच्या त्या फ्लॅटमध्ये दार वाजायचं त्याहून जास्त वेळा हा शब्द वाजला होता.

अलीकडे मात्र दार करकरलं तरी मृदा उठत नव्हती. सवय झाली असेल, असं म्हणून शलाकाने काळज्यांच्या ढिगातली एक काळजी कमी केली. बाकीच्या होत्याच. दात, सर्दी, आणि सगळ्यांत वर वजन. डॉक्टर कुरण्यांकडच्या काट्यावर या महिन्यात आकडा हललाच नव्हता. "दूध पुरत नाही पोरीला," मम्मींनी निदान करून टाकलं, आणि अळिवाच्या लाडवांचा डबा शलाकाच्या कीबोर्डशेजारी मुक्कामाला आला. शलाका लाडू खायची आणि मनातल्या मनात खजील व्हायची. आईचं दूध पुरत नाही म्हणजे काय, याची उत्तरं तिने इतक्या ठिकाणी वाचली होती की आता वाचायचं काही उरलं नव्हतं.

तिची नोकरी राखणदारीची होती. 'डोह' हा खेळ त्या वर्षी घरोघरी पोचला होता. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, मनगटाला काळा पट्टा बांधायचा आणि खोल पाण्यात बुडी मारायची. हातपाय मारून इथे कुणी जिंकत नसे. जितकं मन शांत, तितका छातीतला श्वास पुरायचा, तितकं खोल जाता यायचं. घाबरलात की वर फेकले गेलात. या खेळाडूंची गप्पांची जागा म्हणजे 'काठ'. काठावर लोक बुड्यांच्या बढाया मारत, एकमेकांना खोटारडे म्हणत, आणि कोण कसा फसवतो यावर तावातावाने भांडत. ही लबाडीची चर्चा शलाकाच्या वाट्याला होती. शिव्या यंत्रच पुसायचं. शलाकाकडे यायचं ते यंत्राला न कळलेलं. नियम साधा होता: अमक्याने लबाडी केली अशी शंका घ्यायला हरकत नाही, पण लबाडी कशी करायची ते सांगणारा मजकूर ताबडतोब काढायचा आणि गुपचूप वर, तंत्रवाल्यांकडे, पाठवायचा. बोभाटा झाला की जो तो ती युक्ती करून बघतो. नव्या राखणदारांना शलाकाच हे शिकवायची.

त्या दुपारी एका खेळाडूने आपल्या बुडीची खोली जाहीर केली. काठावर हल्लकल्लोळ झाला.

"एवढा शांत माणूस जिवंत असतो का रे?"

"हिमालयात बसून खेळतोस की काय?"

"बायको माहेरी गेली असणार. त्याशिवाय एवढी शांतता शक्य नाही."

उत्तरादाखल त्या खेळाडूने एक फोटो टाकला. बाळाचं पाऊल. गुबगुबीत, घोट्याला काळं काहीतरी बांधलेलं. खाली कुणीतरी लिहिलं, 'कुणाची दृष्ट न लागो,' आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. यंत्राने फोटोला 'कौटुंबिक' असा शिक्का मारून तो पुढे सोडला होता. आपल्याकडे बाळांच्या पायात काळा दोरा बांधतात हे त्याला शिकवलेलं होतं.

शलाकाने मात्र फोटो मोठा केला. मृदाच्या पायातला दोरा मम्मींनी स्वतः वळला होता, सात पदरी, गाठीशी एक काळा मणी. या पायात गाठ नव्हती. मणीही नव्हता. जे होतं ते बोटभर रुंद, सपाट, आणि त्याच्या कडेखालून हिरवट उजेड पाझरत होता.

डोहाचा पट्टा.

पुढच्या काही मिनिटांत आणखी एका शहाण्याने कृतीही लिहून टाकली. पट्टा पहिल्यांदा बांधाल तेव्हा बाळ रडत असलं पाहिजे. रडत नसलं तर थोडं रडू द्या. मग ते झोपलं की चष्मा तुम्ही घाला आणि बुडी मारा.

शलाकाने ते पुसलं, वर पाठवलं, आणि ती घोटभर पाणी प्यायली. 'थोडं रडू द्या' हे तीन शब्द पुसूनही डोळ्यांपुढून जाईनात.

यातली मेख तिला कळत होती, कारण प्रशिक्षणात पट्ट्याचं शास्त्र त्यांना शिकवलेलं होतं. हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना ते किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात. माणूस निवांत असला की हा चढउतार मोठा आणि संथ होतो, धास्तावलेला असला की आक्रसतो. पट्टा कातडीतून प्रकाश पाठवून हे मोजतो. पण प्रत्येकाचं हृदय वेगळं, म्हणून पहिल्या वेळी तो तुमची पातळी नोंदवून घेतो आणि पुढे तिच्याशीच तुलना करतो. रडण्याची पातळी नोंदवली आणि मग गाढ झोप मोजली, तर पट्ट्याच्या हिशेबी हा माणूस समाधीतच गेला.

पण पट्टा नुसता मोजत नाही. तो थोपटतोही. तुमच्या ठोक्यांहून जरा संथ अशी बारीकशी थाप तो कातडीवर देत राहतो, आणि शरीर नकळत त्या लयीत उतरतं. आई बाळाला थोपटताना हात हळूहळू सावकाश करत नेते, तसंच. खेळ चालू आहे तोवर थोपटणं चालू. मोठ्या माणसाला त्याने बरंच वाटतं. बाळाचं हृदय मात्र मुळातच मोठ्यांच्या दुप्पट धावतं. खोली कितीही मिळाली तरी थाप देताना पट्टा तो वेग घाबरलेल्या माणसाचा समजणार, आणि थोपटत राहणार. थांब, शांत हो, आणखी खाली, आणखी खाली.

तिने नसीम मॅडमना फोन लावला. त्या परभणीहून सगळ्या राखणदारांचं काम बघायच्या.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "छान पकडलंस. तसले सगळे फोटो काढ, सगळी चर्चा काढ."

"मॅडम, लोकांना सावध करायला नको? बाळांना बांधतायत."

"तंत्रवाल्यांना वेळ लागणार आहे शलाका. तोवर आपण नाव जरी काढलं तरी ज्यांना माहीत नाही त्यांनाही माहीत होईल. तूच शिकवतेस ना हे सगळ्यांना?"

शिकवत होती खरी.

फोन ठेवला तोच यंत्राने अडवलेला एक मजकूर समोर आला. लिहिणारीने 'आर्वीची लेक' असं नाव घेतलं होतं. 'मी खेळत नाही, हे खेळतात. आमचं बाळ सात महिन्यांचं. हल्ली दुपारी उठतच नाही, दुधाची वेळ टळून जाते तरी. वजन वाढेना. सगळे म्हणतात तुझं दूध कमी. ह्यांचा पट्टा मला एकदा बाळाच्या अंथरुणात सापडला. म्हणून विचारते, आणखी कुणाचं असं होतंय का?'

यंत्राने खाली नोंद केली होती: युक्तीचा उल्लेख, काढण्यायोग्य. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. शलाकाने काढला. मग ती पाण्याची बाटली भरायला उठली.

घर शांत होतं. इतकं शांत की फ्रिजचा आवाज ऐकू यावा. पहिल्या पाळीहून परतलेला धैर्यशील हॉलमध्ये आरामखुर्चीत रेलला होता, डोळ्यांवर चष्मा, डोहात उतरलेला. कुपवाडच्या कारखान्यात सकाळपासून खडखडाट ऐकून आल्यावर ही एवढीच त्याची चैन. गेल्या महिन्यापासून तो जिल्ह्याच्या संघातही होता. मृदा नेमकी तो घरी आल्यावरच छान झोपते, बापाचा पायगुण चांगला, अशी मम्मींची थट्टाही ठरलेली होती.

शलाका त्याच्या शेजारून गेली आणि थांबली.

त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पसरलेले होते. तळवे वर. दोन्ही मनगटं उघडी होती.

बाटली तिने कुठे ठेवली ते तिला नंतर आठवलं नाही. तिने मम्मींच्या खोलीचं दार ढकललं. दार नेहमीसारखं करकरलं. मृदा हलली नाही. वर पंखा गरगरत होता, खिडकीतून ऊन तापलेलं, आणि मृदाच्या पायांत लोकरीचे मोजे होते. पायाला वारा लागतो म्हणून मम्मी मोजे घालत, आणि त्यावर वाद घालणं शलाकाने कधीच सोडून दिलं होतं.

तिने डावा मोजा काढला. काळा दोरा, मणी. तिने उजवा काढला.

पट्टा सोडवल्यावर कातडीवर त्याच्या दिव्यांचे दोन बारीक लालसर ठिपके राहिले. "मिठू," तिने हाक मारली. "ए मिठ्या." तळपायाला बोट लावलं. कानाची पाळी चोळली. मृदाने ओठ हलवले आणि पुन्हा सैल पडली. शलाकाने तिला उचलून छातीशी धरलं, गालावर ओला हात फिरवला, नाव घेत राहिली. मग त्या चिमुकल्या कपाळावर आठी पडली, तोंड वाकडं झालं, आणि मृदाने असा टाहो फोडला की मम्मी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"कशाला उठवलीस गं? इतकी छान झोपली होती!"

"मम्मी, हे कुणी बांधलं?"

"तो पट्टा होय? धैर्यानं. तब्येत मोजतो म्हणाला. डॉक्टरकडं वजन भरंना म्हणूनच बांधलाय ना?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजीशिवाय काही नव्हतं. "वरनं मोजा घाल म्हणाला, पोरगी ओढून काढती म्हणून. का गं? काय झालं?"

दारात धैर्यशील उभा होता. चष्मा कपाळावर ढकललेला. पट्टा सुटला तसा तो डोहातून वर फेकला गेला होता.

"शलाका, ऐक—"

"पहिल्यांदा बांधलास तेव्हा रडत होती ती?"

त्याने कपाळावरचा चष्मा उतरवला.

"की रडवलीस?"

"रडवली नाही गं!" तो कळवळून म्हणाला. "रडतच होती. तू कामात होतीस. मी... लगेच उचलली नाही. थोडा वेळ." त्याने मान खाली घातली. "पहिल्यांदा गंमत म्हणून बांधला. मग बघितलं तर ती झोपतेय. तू सारखी दमलेली, डोळे असे खोल गेलेले. म्हटलं, तुझं काम होतंय, तिची झोप होतेय, माझी बुडीही जातेय. कुणाचं काय बिघडतंय?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पोलीसपाटलीणबाईंना काय सांगणार? काठावरून मला पहिलं तूच हाकललं असतंस."

एरवी या नावाला ती हसायची. आज तिला कीबोर्डशेजारचा लाडवांचा डबा आठवला. महिनाभर ती स्वतःच्या दुधाला दोष देत होती. तिने मृदाला पदराआड घेतलं. तिच्या गिळण्याचा आवाज तेवढा खोलीत होता. घटाघटा, वखवखून.

संध्याकाळी तिघं मृदाला घेऊन डॉक्टर कुरण्यांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, ठिपके पाहिले, पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. "बाळ ठीक आहे. हे बंद करा आणि मागेल तेव्हा पाजा, भरून काढेल." मग ते धैर्यशीलकडे वळले. "भूक लागली की बाळ उठतं. तुम्ही तिचं उठणंच काढून घेतलं होतंत. झोपेत बाळाला असं खाली दाबून ठेवणं फार वाईट. आणखी काय झालं असतं ते आज बोलत नाही, पण परत नको." थोडं थांबून ते पुटपुटले, "अशी आणखी काही शांत बाळं येतायत माझ्याकडे हल्ली. मी आपला त्यांच्या आयांना शतावरी लिहून देतोय."

परत येताना रिक्षात मृदा शलाकाच्या मांडीवर जागी होती. शलाकाच्या डोक्यात आर्वीची लेक होती. तिचा प्रश्न साधा होता, आणखी कुणाचं असं होतंय का. उत्तर आपल्याच घरात मोज्याखाली होतं, आणि आपण प्रश्न पुसून टाकला.

घरी आल्यावर मृदाला मांडीवर घेऊनच ती टेबलाशी बसली. पुसलेलं परत आणण्याची मुभा राखणदाराला असते. तिने आर्वीच्या लेकीचा मजकूर परत काठावर ठेवला. त्याच्यावर, सगळ्यांना आधी दिसेल अशा जागी, सूचना लिहायला घेतली. खूप खोडलं. युक्ती कळता कामा नये आणि धोका तर कळलाच पाहिजे. शेवटी तिने पट्टा कसा फसतो यातलं काहीच लिहिलं नाही. कुठे बघायचं तेवढं लिहिलं.

'ज्या घरात डोह खेळतात आणि तान्हं बाळ आहे, त्या घरातल्या आयांनी, आज्यांनी वाचा. बाळ दुपारी फार शांत झोपतं का? वजन थांबलंय का? तर आत्ता मोजे काढा. घोट्याला पट्टा असेल किंवा दोन लाल ठिपके असतील तर पट्टा काढून बाळाला उठवा, पाजा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमचं दूध कमी नाही. माझ्या मुलीच्या पायाला हे ठिपके आज सापडले. शलाका, राखणदार.'

फोन लगेच वाजला.

"हे कुणाला विचारून लावलंस?" नसीम मॅडमचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

"कुणालाच नाही."

"काढ ते. नोकरीवर येईल तुझ्या."

"तुम्ही काढा मॅडम. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मग मॅडमनी विचारलं, "तुझ्या मुलीच्या... खरंच?"

"हो."

"माझी धाकटी बहीण जिंतूरला असते. तिचा मुलगा सहा महिन्यांचा आहे. मेव्हणे डोह खेळतात." त्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "मी आत्ता तिला फोन लावते. फोनवर असताना मी पडदा बघत नाही. आणि माझी बहीण एकदा बोलायला लागली की लवकर थांबत नाही, तुला सांगून ठेवते."

सूचना तशीच राहिली.

पहिलं उत्तर आलं ते एका शब्दाचं. 'आहेत.' मग दुसरं, 'आमच्याकडेही.' 'उजव्या पायाला.' 'सासूबाईंना माहीतच नव्हतं.' 'आहेत ताई, पाजतेय.' आर्वीच्या लेकीने लिहिलं, 'मोजे काढले. बाळ उठलं. रडतंय.' आणि खाली पुन्हा, 'रडतंय.'

पण मध्येच चर्चा फिरली. खेळाडू उतरले. राखणदारीण अफवा पसरवते, बायकांना खेळ बंद पाडायचाय, पुरावा काय? ज्यांनी बांधला होता ते कुणी बोलेनात. कबूल केलं की काठावरून नाव जाणार, संघातून हकालपट्टी. ही माणसं उद्या पट्टा आणखी नीट लपवतील, हे शलाकाला दिसत होतं. मोज्याऐवजी दुपट्यात.

धैर्यशील तिच्या पाठीमागे उभा राहून वाचत होता. कधीपासून, ते तिला कळलं नव्हतं. तो हॉलमध्ये गेला. थोड्या वेळाने काठावर नवीन मजकूर उमटला, जिल्ह्याच्या संघातल्या खेळाडूच्या नावाने. तिचा नवरा काठावर काय लिहितो ते ती कधी बघत नसे, तसा नियमच होता. आज तिने बघितलं.

'त्या बाईंची मुलगी माझीपण मुलगी आहे. मीच बांधला होता. ती आज लवकर उठली नाही. बायको तिला हलवत होती आणि मी दारात उभा होतो. तेवढ्या वेळात मी जेवढा खोल गेलो तेवढा डोहात कधी गेलो नाही. ज्यांनी बांधलाय त्यांनी काढा. माझ्या सगळ्या बुड्या खोट्या आहेत.'

मग एका बापाने लिहिलं, 'काढला.' मग दुसऱ्याने.

शलाकाच्या समोर तो मजकूर लाल चौकटीत आला होता. लबाडीची कबुली, खेळाडूचे नाव काठावरून काढावे. तिने मान वळवली. धैर्यशील हॉलमधूनच म्हणाला, "काढा, पोलीसपाटलीणबाई. उगाच ताटकळत ठेवू नका."

तिने काढलं.

तंत्रवाल्यांनी नंतर पट्टा सुधारला. इतक्या जलद धावणारं हृदय लागलं की तो आता चालूच होत नाही. शलाकाला समज मिळाली आणि लबाडीच्या चर्चेवरून हलवून शुभेच्छांच्या विभागात टाकलं गेलं. बारशी, वाढदिवस, पहिलं पाऊल. शिक्षा म्हणून दिलेलं हलकं काम. बाळांच्या पायांचे फोटो तिथेच येतात, आणि ती एकेक फोटो मोठा करून बघते.

लाडवांचा डबा आता मम्मी स्वतः संपवतायत. "एवढे अळीव वाया घालवू काय?" असं म्हणत. मोज्यांचं नाव त्या काढत नाहीत.

धैर्यशीलशी ती बोलते, पण जपून. तो घरी आला की आधी मृदाचे पाय बघते, हे त्याला कळतं.

एका दुपारी तो कारखान्यातून तेलाची कुपी घेऊन आला. मृदा आत झोपली होती. त्याने दार हळूच ढकललं, दार करकरलं, आणि आतून लगेच टाहो ऐकू आला.

"झालं! उठवलंस!" मम्मी ओरडल्या.

त्याने ओशाळून कुपीचं टोपण काढलं आणि बिजागरीकडे वाकला. शलाका कामावरून उठून आली. तिने त्याच्या हातातून कुपी घेतली, टोपण लावलं आणि कपाटावर, हात पोचणार नाही अशी, मागे सारून ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "वाजू दे ते."

आणि मृदाला घ्यायला आत गेली.